तुझ्यासाठी मागते: ख्रिस्ती माणसं एकमेकांसाठी प्रार्थना करतात, म्हणजे नेमकं काय करतात?

बुधवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आईच्या घराबाहेर चपलांची रांग लागते. नगर जिल्ह्यातलं मध्यम आकाराचं गाव. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते, आणि भिंतीला टेकायची जागा आधी म्हाताऱ्यांना. "सलाम बाई", "सलाम, सलाम" होतं. एक गीत होतं, शास्त्रपाठ होतो, आणि मग आई चष्मा पुसत विचारते, "चला, कोणाच्या काय विनंत्या आहेत?"

पहिलं अर्धं मिनिट कोणी बोलत नाही. मग एकजण सुरुवात करते. सुनेला सातवा लागलाय आणि बीपी वाढतंय. दुसरीच्या मुलाची नोकरी कंत्राटी आहे, मार्चला संपते. तिसरीच्या विहिरीनं तळ गाठलाय. चौथी म्हणते, "माझी एक आहे, पण सांगता यायची नाही." आई हे सगळं दोनशे पानी वहीत उतरवून घेते. डावीकडे तारीख आणि नाव, मध्ये विनंती, उजवीकडे मोकळी जागा. त्या मोकळ्या रकान्याच्या डोक्यावर 'उत्तर' असं लिहिलेलं असतं. 'सांगता यायची नाही' म्हणणारीच्या नावापुढे आई नुसती एक आडवी रेघ ओढते, आणि त्या रेघेसाठीही सगळ्याजणी प्रार्थना करतात.

पुण्यातली माझी एक मैत्रीण एकदा या सभेला बसली होती. ती ख्रिस्ती नाही. परतताना गाडीत तिनं अगदी मनापासून विचारलं, "तुमच्या देवाला सगळं आधीच कळतं ना? मग तुम्ही दहाजणी मिळून त्याला काय सांगत होता?" मला तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. आता सांगायचा प्रयत्न करते.

आमच्या मराठीत याला 'मध्यस्थीची प्रार्थना' म्हणतात. मध्यस्थ कोणाला म्हणतात ते मराठी माणसाला समजावायला नको. लग्न जुळवताना दोन्ही घरांत ज्याची ऊठबस असते तो, किंवा बांधावरून भावाभावांत वाजलं की दोघंही ज्याचं ऐकतात तो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व माणसांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. तिथे मूळ ग्रीकमध्ये 'एन्ट्युक्सिस' असा एक शब्द येतो. इजिप्तवर ग्रीक राजांची सत्ता होती त्या काळातले पपायरसचे कागद सापडले आहेत, त्यांत हाच शब्द रयतेनं राजाकडे केलेल्या अर्जासाठी वापरलेला दिसतो. म्हणजे तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून दुसऱ्याचा अर्ज लिहून देणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, तर आपण अर्थाच्या बरेच जवळ जातो.

पण हे चित्र एका जागी अपुरं पडतं. साहेबाला अर्ज वाचल्याशिवाय आपलं दुखणं कळत नाही. येशूनं मात्र डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितलंय की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. आणि हे सांगून लगेच तो शिष्यांना प्रार्थना शिकवतो! माझ्या मैत्रिणीचा प्रश्न असा थेट येशूच्या शिकवणीतच बसलेला आहे.

कळतं, तरी मागायचं

या प्रश्नाला दोन हजार वर्षांत अनेकांनी हात घातला. मला त्यांतली दोन उत्तरं फार उपयोगी वाटतात.

एक ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्या बिशपचं. सन ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा पळून उत्तर आफ्रिकेत आली. प्रार्थना कशी करायची असं तिनं ऑगस्टीनला विचारलं. त्यानं पाठवलेलं लांबलचक पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा: देवाला आपली इच्छा कळावी म्हणून आपण मागत नाही. तो जे द्यायला तयार आहे ते घेण्याएवढं आपलं मन मोठं व्हावं, म्हणून तो आपल्याला मागायला लावतो. ओंजळ लहान असेल तर पाणी सांडून जातं.

दुसरं उत्तर सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञ पास्कालचं. देवानं प्रार्थना का नेमून दिली? तर आपल्या लेकरांना 'कारण होण्याचा मान' देण्यासाठी. मला हे फार पटतं. पीक देवानं द्यायचं, असं आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी म्हणतो. पण मृग बरसला म्हणून कोणी बियाणं पोत्यात ठेवून बसत नाही. पेरणी, खुरपणी, राखण माणसाकडे सोपवलेली आहे, आणि ती सोपवण्यातच माणसाचा मान आहे. शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप व्हावं ही देवाची इच्छा असेल, तर त्या कामात आम्हा दहाजणींनाही हात लावू देणं हीसुद्धा त्याचीच इच्छा, असा हा विचार आहे. आई चपात्या करताना नातीला एक लहान गोळा लाटायला देते, तसं काहीसं.

येशूनं शिकवलेली प्रार्थना नीट ऐका. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी ती सुरू होते. पुढे भाकर मागितली आहे ती 'आम्हांला', क्षमा मागितली आहे ती 'आम्हांला'. 'मी', 'मला', 'माझं' हे शब्द तिच्यात एकदाही येत नाहीत. खोलीचं दार लावून एकटं बसून म्हटली तरी ती प्रार्थना शेजाऱ्याची भाकरही मागतेच. दुसऱ्यासाठी मागणं हा ख्रिस्ती प्रार्थनेचा वेगळा, वरच्या वर्गातला प्रकार नाही. पहिल्या शब्दापासून ते त्यातच आहे.

कोकणात गावऱ्हाटीतलं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना आणखी एक गोष्ट लगेच कळेल. एकजण सगळ्या गावाच्या वतीनं बोलतो आणि मागची माणसं 'होय महाराजा' म्हणत जातात. देवाविषयीची समजूत दोन्हीकडे वेगळी, पण आमच्या 'आमेन'चं काम असंच चालतं. आमेन म्हणजे 'तसंच होवो'. एकीनं मागितलेलं बाकीच्यांनी आपलं म्हणून उचललं, त्याची ती सही.

माळवद उसकटणारे चौघे

सिद्धान्त बाजूला ठेवून एक गोष्ट सांगते. येशूची हकीकत सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे, आणि मला वाटतं या विषयावर तिच्यापेक्षा सोपं कोणीच बोललेलं नाही.

कफर्णहूम गावात येशू एका घरात बोलतोय. दारापर्यंत गर्दी. चार माणसं एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत शिरायला वाव नाही. मग ते छपरावर चढतात आणि छप्पर उसकटतात. शहरातल्या वाचकाला यात चमत्कारिक वाटेल, पण नगर-मराठवाड्याकडे ज्यांनी माळवदाची घरं पाहिलीत त्यांना नाही. लाकडी सर, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर चोपलेली माती. पॅलेस्टाइनमधली घरं बरीचशी अशीच होती. आता कल्पना करा, खाली माणसं बसली आहेत आणि डोक्यावर मातीची ढेकळं पडतायत, धूळ उडतेय, घरमालक ओरडतोय. आणि त्या भोकातून बाज खाली येते.

पुढचं वाक्य मुद्दाम हळू वाचावं असं आहे. येशूनं "त्यांचा विश्वास पाहून" त्या आजाऱ्याला म्हटलं, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. 'त्यांचा', म्हणजे वर छपरावर वाकून बघणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसानं अवाक्षर काढलेलं नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता हे मार्क सांगत नाही. त्याला उचलणाऱ्यांचा होता.

एकमेकांसाठी प्रार्थना म्हणजे काय, तर हे. माणूस कधी कधी स्वतःसाठी मागण्याच्या अवस्थेतही नसतो. मूल गेलेली आई प्रार्थना करू शकत नाही, शब्दच सुचत नाहीत. नैराश्यानं खाटेला खिळलेला तरुण देव आहे की नाही याच विचारात असतो. अशा वेळी त्याला "विश्वास ठेव" म्हणणं म्हणजे लकवा झालेल्याला "चालत ये" म्हणणं. त्याची बाज दुसऱ्यांनी उचलायची. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी स्वतः दोन महिने एक ओळसुद्धा प्रार्थना करू शकले नाही. बुधवारी सतरंजीवर नुसती बसायचे. त्या दोन महिन्यांत माझी प्रार्थना इतर बायांनी केली. हे मी अलंकारिक बोलत नाही.

ताकद कुठे असते

'प्रार्थनेत मोठी ताकद आहे' हे वाक्य आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांमध्ये, इतक्यांदा कानावर पडतं की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. त्यातून एक चुकीची समजूत तयार होते: अमक्या पाळकसाहेबांच्या किंवा तमक्या ताईंच्या प्रार्थनेत जोर आहे, त्यांच्याकडून करून घ्या, जास्त लोकांकडून करून घ्या, जास्त मोठ्यानं करा. जणू देव बहिरा आहे, किंवा मतमोजणी चालू आहे.

याकोबाच्या पत्रात म्हटलंय खरं, की "नीतिमानाची प्रार्थना कार्य करण्यात फार प्रबळ असते." पण लगेच पुढे तो एलीया संदेष्ट्याचं उदाहरण देतो आणि मुद्दाम सांगतो की एलीया आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. म्हणजे सगळा रोख 'खास माणूस लागतो' या समजुतीच्या विरोधात आहे. आणि आधीच्या ओळीत काय आहे? आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी रचना तिथे नाहीच. आज मी तुझी बाज उचलते, उद्या तू माझी.

मग ताकद कोणाची? रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल दोन गोष्टी सांगतो. आपल्याला काय मागावं हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आणि पुनरुत्थित ख्रिस्त देवाच्या उजवीकडे राहून आपल्यासाठी मध्यस्थी करतोय. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथे आहे. आम्ही बुधवारी साडेसातला प्रार्थना सुरू करत नाही. ती आधीच चालू असते, आम्ही तिच्यात जाऊन बसतो. वारीत मध्येच एखाद्या गावाहून सामील होणाऱ्याला दिंडी आपण चालवतोय असं वाटत नाही, तसंच.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्यानंतर काही तासांत पेत्र तीनदा म्हणतो की मी त्याला ओळखत नाही. येशूची प्रार्थना वाया गेली का? पेत्र पडला, पण परत आला. येशूनं मागितलं होतं ते संकट टळावं असं नव्हतंच. त्यातून विश्वास जिवंत बाहेर यावा, एवढं होतं. कोणासाठी काय मागावं हे मी या एका प्रसंगातून शिकले.

केडगावच्या मुली

आपल्या मातीतलं यातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं आहे. पंडिता रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून, उपाशी, निराधार मुली आणि बाया केडगावला आणल्या. मुक्ती मिशन ते हेच.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी तिथे रोजची खास प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला ७० च्या आसपास जणी जमायच्या. जूनपर्यंत ती संख्या ५०० च्या वर गेली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झालं त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. पाहायला आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना हा कल्लोळ झेपायला वेळ लागला.

या जागरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातली एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: त्या काय मागत होत्या. स्वतःसाठी आणि भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी खरं मनपरिवर्तन मागत होत्याच, पण शिवाय सर्व देशांतल्या सर्व ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा, असं मागत होत्या. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेली, कालपर्यंत अक्षरओळख नसलेली मुलगी पहाटे उठून इंग्लंड-अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी देवाकडे विनवणी करतेय! तोपर्यंत सगळं उलट चालत होतं. तिकडची सुखवस्तू माणसं 'बिचाऱ्या हिंदी बायकां'साठी प्रार्थना करायची आणि पैसे पाठवायची. रमाबाईंनी त्या मुलींना जेवू घातलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हातमाग आणि छापखाना शिकवला, हे सगळं थोरच. पण प्रार्थना करणारी बाई म्हणून उभं केलं, तेव्हा त्यांना जगाच्या बरोबरीला आणलं. जिच्यासाठी मागायचं ती आता जगासाठी मागू लागली.

याच्याही आधीचा एक धागा आपल्या देशातला आहे, तो फारसा कोणाला माहीत नसतो. आमच्या अनेक मंडळ्यांत नव्या वर्षाच्या सुरुवातीला 'प्रार्थना सप्ताह' असतो. रोज संध्याकाळी वेगळा विषय: राष्ट्र, कुटुंबं, आजारी, सुवार्ताकार्य. ही पद्धत परदेशातून आली असं सगळे समजतात. प्रत्यक्षात पंजाबातल्या लुधियाना इथल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या मंडळ्यांना तसं आवाहन केलं, आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह पाळला गेला. तो इथून तिकडे गेला.

मेणाचा हात, मेणाचा पाय

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला कधी गेलात तर टेकडीच्या वाटेवर विकायला मांडलेल्या मेणाच्या वस्तू पाहा. हात, पाय, डोकं, लहान बाळ, घरसुद्धा. गुडघा दुखतो त्यानं पाय वाहायचा, मूल हवं त्यानं बाळ. रांगेत ख्रिस्ती जितके तितकेच हिंदू, पारशी, मुसलमान. "मरियेनं आमच्यासाठी मागावं" असा त्यामागचा भाव.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला या विषयावरचा खरा फरक इथे आहे, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल गैरसमज फार. कॅथलिक म्हणतात: मरणानं मंडळी तुटत नाही. जिवंत मावशीला मी "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणते, मग ख्रिस्ताजवळ गेलेल्या संतांना, त्याच्या आईला का म्हणू नये? जपमाळेतही मरियेला "आम्हां पाप्यांसाठी विनंती कर" असं म्हटलं जातं. 'तू दे' असं नाही. उपासना फक्त देवाची, संतांना मान, असा भेद त्यांच्या शिकवणीत स्पष्ट आहे. आम्ही प्रोटेस्टंट तीमथ्याच्या पत्रातल्या त्याच दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतो: देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. मेलेल्यांना हाक मारायला शास्त्रात आधार नाही, आणि साध्या माणसाच्या मनात मान आणि उपासना यांतली रेघ पुसट होते, ही आमची हरकत.

मी प्रोटेस्टंट घरात वाढले आणि मला ही हरकत आजही बरोबर वाटते. पण वसईच्या एका कॅथलिक घरात संध्याकाळच्या जपमाळेला बसले होते, तेव्हा शेवटी घरच्या आजीनं गल्लीतल्या प्रत्येक घराचं नाव घेऊन मागितलं. भांडण झालेल्या घराचंसुद्धा. त्या वेळी आमची दोघींची वही एकच आहे असं वाटलं. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, विश्वासूंच्या प्रार्थना होतात आणि सगळे एकत्र प्रतिसाद देतात, तेही तेच. सन १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की नव्या माणसाचा बाप्तिस्मा झाल्यावर सगळे मिळून स्वतःसाठी, त्याच्यासाठी आणि ठिकठिकाणच्या सर्व लोकांसाठी प्रार्थना करतात. सगळ्या फुटींच्या किती तरी आधीची ही सवय आहे.

मोजून पाहिलं तर?

माझ्या मैत्रिणीचा दुसरा प्रश्न होता: "कोणी तपासून पाहिलंय का?" पाहिलंय. आणि श्रद्धावंतांनी हे निष्कर्ष लपवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रुग्णालयात हृदयविकाराच्या ३९३ रुग्णांवर झालेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली गेली त्यांची प्रगती बरी दिसली. पण मोजण्याच्या पद्धतीवर पुष्कळ आक्षेप आले. मग २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १८०२ बायपास रुग्णांवरचा, हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाचा, बराच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या दोन गटांना 'तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही' असं सांगितलं. त्यांतल्या एकासाठी केली, दुसऱ्यासाठी नाही. गुंतागुंत झाली अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के रुग्णांत, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं सांगितलं होतं, आणि त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के! 'माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली म्हणजे मी इतका गंभीर आहे का' या धास्तीनं तसं झालं असेल, असंही सुचवलं गेलं.

आता प्रार्थना करणाऱ्यांना काय दिलं होतं ते पाहा. रुग्णाचं पहिलं नाव, आडनावाचं आद्याक्षर, आणि म्हणायचं एक ठरलेलं वाक्य. चौदा दिवस. ना ओळख, ना भेट. त्या रुग्णाचं पुढे काय झालं ते कळण्याची सोयही नाही. प्रयोग म्हणून हे काटेकोर असायलाच हवं होतं, त्याला माझी ना नाही. पण बाज उचलणाऱ्या चौघांना रुग्णाचं नुसतं आद्याक्षर माहीत नव्हतं. औषधाचा डोस देऊन मोजता येतं, कारण औषधाला स्वतःची इच्छा नसते. देव हा ज्याला हाक मारायची असा कोणी आहे हे मानलं, तर त्यानं प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात उत्तर द्यावं ही अपेक्षाच जुळत नाही. म्हणून मी असं म्हणते: प्रार्थनेनं आजार बरे होतात हे या अभ्यासांनी सिद्ध होत नाही, आणि कोणी पाळक तसं सिद्ध झालंय म्हणत असेल तर तो चुकीचं सांगतोय. आमची श्रद्धा त्या आकड्यांवर उभी नव्हती, म्हणून त्या आकड्यांनी ती पडतही नाही.

उत्तर येत नाही तेव्हा

वडील आजारी असताना बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले होते. प्रार्थना केली, तेल लावलं, आणि जाताना आईला म्हणाले, "विश्वास कमी पडतोय बाई, नाहीतर इतके दिवस लागले नसते." आई काही बोलली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वडील सहा आठवड्यांनी गेले. त्या वाक्याचा घाव त्यांच्या जाण्याइतकाच खोल होता.

हे वाक्य शास्त्राच्या विरुद्ध आहे, म्हणून इथे लिहिते. पौलाच्या शरीरात एक काटा होता, दुखणं म्हणा. तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवलं. उत्तर आलं ते "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास कमी होता का? प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय काढा. हेरोद राजानं पेत्राला तुरुंगात टाकलं, मंडळी रात्रभर प्रार्थना करत होती, आणि पेत्र सुटून दारात येऊन उभा राहिला. रुदा नावाची दासी हे सांगायला आत धावली तर आतली माणसं तिलाच वेडी म्हणाली, म्हणजे त्यांचाही विश्वास काही फार भक्कम नव्हता! पण त्याच अध्यायात, दहा ओळी आधी, येशूचा आणखी एक शिष्य, योहानाचा भाऊ याकोब, तलवारीनं मारला गेलाय. त्याच्यासाठी मंडळीनं प्रार्थना केली नसेल असं कोण म्हणेल? एक सुटला, एक गेला. का, ते या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही. मीही इथे कारण जोडणार नाही.

आणि औषध. प्रार्थना करायची म्हणून गोळ्या बंद करा असं सांगणारा माणूस दारात आला तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. ज्या लूकनं एक शुभवर्तमान लिहिलं त्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो. मिरजेला १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उघडणारे डॉ. वानलेस प्रार्थना करणारेच होते, आणि शस्त्रक्रियाही करत होते. सुनेचं बीपी वाढलंय अशी विनंती आली की आमच्या सभेत पहिला प्रश्न असतो, "डॉक्टरला दाखवलं का? गाडीभाडं आहे का?"

शेवटी करायचं कसं, याबद्दल थोडं. ज्याच्यासाठी मागायचंय त्याला शक्य तर विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" आपण ठरवलेलं आणि त्याला हवं असलेलं यांत पुष्कळदा अंतर असतं. थोडक्यात मागा, नाव घेऊन मागा. सभेत ऐकलेली विनंती सभेबाहेर गेली की तिचं गावगप्पांत रूपांतर होतं. "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हणत चुगली करण्याचं पाप आमच्या मंडळ्यांत फार आहे, आणि आईनं ओढलेली आडवी रेघ त्यावरचा उपाय आहे. 'प्रार्थना करीन' असं तोंडानं म्हटलंत तर करा. मी आता लगेच, तिथेच, उभ्या उभ्या करते, नाहीतर विसरायला होतं.

आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव यादीत घाला. हे सगळ्यात अवघड. येशूनं छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हटलं आणि वधस्तंभावर स्वतः ती केली. ख्रिस्तासाठी जीव देणाऱ्या स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा त्यानंही तेच केलं, आणि दगड मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत शौल, म्हणजे पुढे ज्याला पौल म्हणू लागले तो, बाजूला उभा होता. ऑगस्टीन म्हणतो, स्तेफनानं प्रार्थना केली नसती तर मंडळीला पौल मिळाला नसता. माझा अनुभव लहानसा आहे. जमिनीच्या वाटणीवरून ज्या चुलत्यांशी आमचं वाजलं, त्यांचं नाव आईनं वहीत लिहिलं तेव्हा मला राग आला होता. पहिले कित्येक आठवडे ते नाव आलं की मी आमेन म्हणत नसे. पण दर बुधवारी एखाद्याच्या गुडघेदुखीबद्दल, त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल देवाशी बोललं जात असताना त्याचा पूर्वीसारखा द्वेष करत राहणं जमेना. वाटणीचा दावा अजून कोर्टात आहे. दिवाळीत मात्र त्यांच्याकडून फराळाचा डबा आला, आणि रिकामा परत करायचा नसतो म्हणून आईनं नाताळात त्यात करंज्या भरून पाठवल्या.

आईच्या वहीत २००९ सालची एक विनंती आहे. माझ्या मावसभावाची दारू. उजवीकडचा रकाना तेव्हापासून कोरा आहे. तो दोनदा सुटला, दोनदा परत गेला. आता त्याची मुलगी बारावीला आहे. वही भरली की आई तालुक्याच्या बाजारातून नवी आणते, पहिल्या पानावर पट्टीनं तीन रकाने आखते, आणि इतर काही लिहायच्या आधी त्याचं नाव उतरवते.